अल्सीडला हवी होती शांतता

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रमे वस्तीत अल्सीड रोशोनचा पियानो ऐकला नाही असा माणूस सापडणार नाही, आणि तोंड मिटून ऐकला असाही सापडणार नाही. ही तक्रार खुद्द अल्सीडची. उभं आयुष्य त्यानं कोपऱ्यावरच्या बारमध्ये जॅझ वाजवला. लोक पियानोवर बिअरचे ग्लास ठेवत, कोळंबीची सालं ठेवत, एका बाईनं तर झोपलेलं मूल आणून ठेवलं होतं. अल्सीड रंगात आला, की नेमकं कुणीतरी ओरडे, "बोल राजा, बोल." दुसरा म्हणे, "अस्सं, सांग त्यांना." नाचणाऱ्यांच्या टाचा वेगळ्याच. अल्सीडच्या कपाळावर आठी पडे, पण बोटं चालूच राहत.

घरी आला की गाऱ्हाणं ऐकायला थोरली बहीण ओटिली होती. नवरा गेल्यापासून ती अल्सीडचं घर सांभाळी आणि रविवारी चर्च. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून ती पाद्रीबाबांच्या वाक्यावाक्याला मोठ्यानं दाद देई. तिची दाद थांबली, की पाद्रीबाबा ओळखत आणि प्रवचन आवरतं घेत.

"मरायच्या आधी एकदा," सोमवारचा राजमा-भात कालवत अल्सीड म्हणे, "फक्त एकदा, लोकांनी गप्प बसून मला ऐकावं."

"मेल्यावर बसू की गप्प," ओटिली म्हणे. "नाही, तेव्हाही जमायचं नाही. तेव्हा अंत्ययात्रेत बँड असेल."

अशात बॉस्टनहून प्राध्यापक व्हिटकॉम्ब आले. बारच्या गोंगाटात ते डोळे मिटून बसले, समोरचा तळलेला मासा गार होऊ दिला आणि शेवटी ओल्या डोळ्यांनी अल्सीडचा हात धरला.

"तुम्हाला कुणी ओळखत नाही, ही केवढी शोकांतिका आहे," ते म्हणाले.

"मला सगळेच ओळखतात," अल्सीड म्हणाला. "तो खांबाला टेकलेला माझा न्हावी."

"जगानं, मिस्टर रोशोन, जगानं ओळखायला हवं."

जगाची सोय शहरातल्या मोठ्या सभागृहात झाली. काळा माणूस म्हणून अल्सीडच्या बापाला तिथे मागच्या दारानं प्रवेश होता, तोही खुर्च्या मांडायला. आता पुढच्या दारावर अल्सीडचं चित्र लागलं. खाली नियम लिहिले होते: उशिरा येऊ नये, खाऊ नये, नाचू नये, बोलू नये. कार्यक्रमाची तबकडी निघणार होती, म्हणून खोकण्याबद्दलही दोन ओळी होत्या. अल्सीडनं ते नियम देवाची आज्ञा वाचावी तसे वाचले. मग तो दारोदार फिरला आणि सगळ्या वस्तीकडून गप्प बसायची कबुली घेतली. ओटिलीचा मात्र त्याला भरवसा नव्हता. तिला त्यानं मेलेल्या नवऱ्याच्या फोटोवर हात ठेवायला लावलं.

"एक शब्द बोलायचा नाही," तो म्हणाला. "माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे त्या दिवशी."

ओटिलीला ते लागलं. "बरं," ती म्हणाली. "आता तूच सांगशील तेव्हा तोंड उघडेन."

कार्यक्रमाच्या दिवशी प्राध्यापकांनी अल्सीडची ओळख करून दिली. ती इतकी लांबली, की आपण अजून जिवंत आहोत ना, अशी अल्सीडलाच शंका आली. मग दिवे मंद झाले आणि त्याला हवी होती ती शांतता पसरली. बारच्या पियानोची एक पट्टी कायमची मुकी होती. इथे सगळ्या बोलत होत्या. अल्सीडनं दोन ओळी वाजवल्या आणि नेहमीच्या सवयीनं थांबला.

त्या थांबण्यात कुणीतरी काहीतरी म्हणायचं असतं. आजवर कुणी ना कुणी म्हणतच आलं होतं. इथे कुणी काही म्हणालं नाही. त्याला वाटलं, सूर चुकला. त्यानं त्याच ओळी परत वाजवल्या, जरा जास्त थांबला. पुन्हा काही नाही. ट्रमेत वाजवणाऱ्याला कुणी उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्थ एकच: उतर खाली, पुरे झालं. मागच्या रांगांत त्याची अख्खी वस्ती टोप्या मांडीवर घेऊन, ओठ आवळून बसली होती. कबुली पाळत होती बिचारी. अल्सीडला ती रुसल्यासारखी दिसली. त्याचं थांबणं लांबत गेलं, हात धडपडायला लागले. पहिल्या रांगेत प्राध्यापक रुमालानं डोळे टिपत होते.

दुसरी चाल अर्ध्यात सोडून अल्सीडनं हात मांडीवर घेतले. आयुष्यात इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

"ओटिली," तो म्हणाला.

पहिल्याच रांगेतल्या ओटिलीनं ओठांवर बोट ठेवलं.

"ओटिली, काहीतरी बोल ना."

तिनं टोपी सारखी केली आणि छताकडे पाहिलं. प्रेक्षकांना हाही कलेचाच भाग वाटला. ते आणखी गप्प झाले.

"शपथ सुटली. मी चुकलो, बाई. बोल."

आणखी थोडं ताटकळत ठेवून ओटिली उभी राहिली. "कधीचा अंधारात किल्ली शोधल्यासारखा चाचपडतोयस," ती म्हणाली. "आई असती तर तुझ्या बोटांवर झाकण आपटलं असतं. वाजव नीट."

मागून हशा फुटला. अल्सीडचा डावा हात आपोआप चालू लागला. "हां, आता कसं," ओटिली म्हणाली. "बोल राजा," न्हावी म्हणाला. मग हवेत रुमाल फिरले, टाचा वाजल्या, रखवालदार एकाला बसवत तर दोघं उठत. अल्सीड रडत होता आणि वाजवत होता. असं त्यानं बारमध्येही कधी वाजवलं नव्हतं.

वर्तमानपत्रानं पहिल्या भागाची तोंडभरून स्तुती केली. काळजाला भिडणारे विराम, असं म्हटलं. एका असंस्कृत बाईमुळे पुढची संध्याकाळ वाया गेली, असंही म्हटलं. तबकडीवर अर्थात पहिलाच भाग आला. प्राध्यापकांनी ती पाठवताना, नंतरचं ध्वनिमुद्रण दूषित झाल्याबद्दल क्षमा मागितली.

रविवारी चर्चनंतर शेजारीपाजारी अल्सीडच्या घरी पुढच्या खोलीत जमले. तबकडी फिरू लागली. दोन ओळी झाल्या आणि तो पहिला विराम आला, रिकामा, लांबलचक. अल्सीडनं मान खाली घातली. आता हा असाच राहणार, आपण मेल्यावरसुद्धा.

"बोल राजा, बोल," स्वयंपाकघरातून ओटिली म्हणाली. ती पातेलं ढवळत होती.

पुढच्या विरामाला ती डाव घेऊन दारात आली. "ऐकतेय मी, ऐकतेय. पुढे चल."

अल्सीड उठला आणि त्यानं तबकडीचा आवाज थोडा कमी केला. ओटिलीचा नीट ऐकू येत नव्हता.