धुतलेल्या दुधाच्या पिशव्या

दुधाची पिशवी रिकामी झाली की मी ती कापायची, धुवायची आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायची. धुळ्यात आमच्या नळाला काही रोज पाणी येत नाही, ड्रम भरून ठेवावे लागतात. नवरा कुरकुरायचा, की कचऱ्याला आंघोळ आणि मला अर्धी बादली. मी त्याला झापायची. पर्यावरण वाचवतेय म्हणजे काय, चेष्टा आहे का! आता आठवलं की मला माझाच संताप येतो.

या पिशव्या, बाटल्या, रद्दी दर रविवारी एक अक्का न्यायच्या. साठीच्या पुढच्या, खांद्यावर गोणी. आमच्या पायरीवर बसून सगळं निवडायच्या, चहा घ्यायच्या, माझ्या गुडघ्याची चौकशी करायच्या. बरीच वर्षं हे चाललं होतं. कॉलनीतल्या वीस-पंचवीस घरांवर त्यांची चूल पेटायची, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग कॉलनीत सभा झाली. कचऱ्याच्या ठेकेदाराचा माणूस गुळगुळीत पत्रकं घेऊन आला. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, आणि सुका फक्त घंटागाडीतच टाकायचा, भंगारवाल्यांना द्यायचा नाही. तो म्हणाला, तरच त्याचा नीट पुनर्वापर होतो. मला ते एकदम पटलं. घरोघर जाऊन मी शेजारणींना शिस्त लावली, एकीशी तर महिनाभर अबोला धरला. रविवारी अक्का आल्या तेव्हा दारातूनच सांगितलं, की आता येऊ नका. त्या बरं म्हणाल्या आणि वळल्या. मी चहासुद्धा विचारला नाही.

दोनेक महिन्यांनी गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली घंटागाडी उभी दिसली. ओला-सुका वेगळा ठेवायला तिच्यात मधोमध पत्रा असायचा, तो काढून टाकलेला. माझा निळा डबा शेजारणीच्या शिळ्या भाजीवर पालथा झाला. माझं डोकंच फिरलं. खाली जाऊन ड्रायव्हरला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, की डेपोत तसंही सगळं एकत्रच ओततात, पटत नसेल तर येऊन बघा. मी स्कूटी काढली आणि गाडीच्या मागे गेले.

बघितलं. एकच डोंगर, त्यातच सगळं, आणि एका कडेला ते जळत होतं. लोक म्हणतात, थोडा तरी उपयोग होत असेल. डोंबल होतो! पिण्याच्या पाण्याने धुतलेलं प्लास्टिक मी त्या धुरात पाठवत होते आणि वर लोकांना अक्कल शिकवत होते. ज्या बाईच्या हातून त्याचं खरंच काही होत होतं, तिला मी हाकललं होतं.

ती बाई तिथेच होती. ढिगात वाकून, हाताला फडकं गुंडाळून, अक्का प्लास्टिक वेचत होत्या. मला पाहून हसल्या. एक बरबटलेली पिशवी वर धरून म्हणाल्या, "तुन्या पिशव्या मी वळखस, बाई. धुयेल ऱ्हातस."

मला रडू आलं ते रागाचंच होतं. मी म्हटलं, "अक्का, रविवारपासून घरी या. पहिल्यासारखं."

त्यांनी पिशवी झटकली, गोणीत टाकली. "एक तुन्हा घरकरता कशी येऊ? बाकीन्या बाया आते दार उघाडतस नई. त्यासले तूच सांगेल शे ना."

त्याच संध्याकाळी मी पुन्हा घरोघर गेले. डेपोत काय पाहिलं ते सांगितलं, माझं चुकलं म्हटलं, हात जोडले. शेजारणींनी ऐकून घेतलं. मग एकेकीने सांगितलं, की आता डब्यांची सवय झालीय, गाडी दारात येते, आणि भंगारवाल्या आत आल्या की चोऱ्या होतात. जिच्याशी मी अबोला धरला होता, तिने तर दार लावूनच घेतलं. अक्का अजून त्या डेपोतच आहेत.