अप्पांचा मुका पडदा

शाळेत मस्टरवर सही करत होतो तेव्हा फोन आला. सुकदेवअप्पा गेले, सकाळीच, पाळीवर जायला निघताना. मी सही पूर्ण केली, पहिला तास घेतला, आणि मग रजा मागितली. आजकाल बातमी आत पोचायलाही वेळ लागतो…

अप्पा माझ्याच तालुक्यातले, खानदेशातले. सुरतेत तीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवली. तिथल्या गोडादरा वस्तीत आमची घरं समोरासमोर. लूमला सुट्टी म्हणून रविवारी संध्याकाळी ते खोलीत कोऱ्या कापडाचा तागा भिंतीवर ठोकत आणि जुन्या प्रोजेक्टरवर नेटवरचे छोटे सिनेमे दाखवत. दहा-बारा मिनिटांचे. लूमवरचे कारागीर दाटीवाटीने बसत. कधी मातीच्या बाहुल्यांचा, कधी पेन्सिलीच्या रेघांचा. गच्चीवर एकटाच पतंग उडवणाऱ्या म्हाताऱ्याचा एक होता, तो तर आम्ही चारदा पाहिला. बोलणं कशातच नसे. मी मास्तर, मला राहवायचं नाही. "अप्पा, तुमच्या पडद्याचं मौनव्रत कधी सुटणार?" ते नुसते हसत.

एकदा कॉलेजच्या पोरांनी बनवलेला पॉवरलूमवरचा माहितीपट त्यांनी लावला. पडद्यावर ताण्याचा एक उभा धागा तुटला आणि लूम तशीच चालू राहिली. खोलीतली सगळी माणसं एकदम उठली, दोघांचे हात लूम बंद करायला पुढे गेले, आणि अप्पा तर धागा जोडायला थेट भिंतीपर्यंत पोचले. केवढे हसलो आम्ही त्या दिवशी!

पण बोलका सिनेमा दाखवायची माझी खुमखुमी जिरत नव्हती. पुढच्या रविवारी मी माझ्या आवडीचा माहितीपट लावायला लावला. धरणाखाली जाणाऱ्या गावातली एक म्हातारी घर सारवते आणि सारवता सारवता सांगते की हे शेवटचं, पावसाळ्यानंतर इथे पाणीच असेल. संपल्यावर मी वर्गात विचारतो तसं विचारलं, "काय अप्पा, कसा वाटला?"

"बाईना हात भारी शे. सणले आशेच सारवतस आमनाकडे."

मी मोठ्याने हसलो. "अप्पा, झोपला होतात काय?" बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. अप्पांनी प्रोजेक्टर बंद केला.

जिन्यात अप्पांच्या पत्नीने, शोभावहिनींनी, मला गाठलं. "भाऊ, त्यासले ऐकू येस नही. लूमना आवाजमा कान गयात. लोक हसतीन म्हनीसन कोनले सांगतस नहीत."

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी त्या माणसालाच टाळतो, ही माझी जुनी खोड. पेपर तपासायचेत, पाहुणे आलेत… वर्षभर कारणं देत राहिलो. अप्पा मात्र दर रविवारी मला सिनेमाची लिंक पाठवायचे. मी न बघताच अंगठा पाठवायचो.

दशक्रिया झाली. मागच्या रविवारी वहिनींचा निरोप आला, सिनेमा बघायला माणसं येऊन बसलीयत. गेलो. अप्पांचा मोबाईल माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आज तुम्ही दखाडा, भाऊ."

मी यादीतला पुढचा लावला. चित्र आलं, आवाज येईना. वायर काढली, पुन्हा लावली, घामाघूम झालो. कोणी ओरडेना, कोणी मागे वळेना. सगळे हसायच्या जागी हसत होते.

वहिनी हळूच म्हणाल्या, "राहू द्या ना. आवाज कसाले जोयजे? आठे धड ऐकू कोनले येस?"

मी वायर खाली ठेवली आणि त्या माणसांकडे पाहिलं. अप्पा मुके सिनेमे कुणासाठी शोधत होते, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मी या सगळ्यांच्याच तोंडावर हसलो होतो. माफी आता प्रत्येकाची मागायची होती, आणि ती तोंडाने मागून तिथे कुणालाच ऐकू गेली नसती.