प्लॉट नऊचं वांगं

आमच्या प्लॉटवर भाजीपेक्षा किस्से जास्त उगवतात. भाजीला पाणी लागतं, ऊन लागतं, खत लागतं. किश्श्यांना काहीच लागत नाही, एक तोडला की दुसरा त्याच बुंध्यातून फुटतो. सोमवारी महापेला ऑफिसात कुणी "वीकेंडला काय केलंस?" विचारलं की मी एकच सांगायचं ठरवते, आणि चहा गार होईपर्यंत चार सांगून झालेले असतात. बहुतेकांत फजिती माझीच आहे. तरी सांगते, कारण त्यात जी माणसं आहेत ती दरवेळी सांगावीशी वाटतात.

आधी जागा सांगते. उलव्यात आमच्या सोसायटीच्या मागे दुसरी विंग होणार होती. ती झाली नाही. मग त्या रिकाम्या जागेचे बारा तुकडे पाडून भाजी लावायला हौशी मेंबरांना दिले. एक तुकडा म्हणजे साधारण दोन डबल बेड. पण नाव 'प्लॉट'. नवी मुंबईत याहून लहान शब्द कुणाला येतच नाही.

मी मेंबर नाही, भाडेकरू. नऊ नंबरवाले पुण्याला गेले म्हणून तो मला मिळाला, तोही एका अटीवर. अट पेडणेकर काकांची. काका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, प्लॉटांची वही त्यांच्याकडे. भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, गेटजवळ मोठ्या टोपात सगळ्यांची मिळून एकच भाजी होते. प्रत्येक प्लॉटवरचा एक तरी जिन्नस त्यात पडला पाहिजे.

"नाही पडला," काका वहीवरून नजर न उचलता म्हणाले, "तर प्लॉट यादीतल्या पुढच्या मेंबरला. नियम सगळ्यांना सारखा."

यादीतले पुढचे मेंबर तिसऱ्या मजल्यावर राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या प्लॉटची लांबी पावलांनी मोजत होते.

तेव्हा दसरा नुकताच झाला होता. हातात तीन महिने होते. एवढ्या दिवसांत माणसाला एक मुळासुद्धा पिकवता येणार नाही का, असं मला वाटलं. मी तोवर मुळा फक्त ॲपवर बघितला होता.

*

पहिल्या रविवारी कुदळ मारली आणि खालून 'खण्ण' झालं. मी किंचाळले. दचकणं हा माझा जुना आजार आहे. कुकरची शिट्टी मी स्वतः लावलेली असते, तरी दचकते. आजूबाजूच्या प्लॉटवरचे सगळे धावत आले. कुणाला वाटलं पाय कापला, कुणाला वाटलं साप. खड्ड्यात गुलाबी बाथरूमची लादी होती. तिच्याखाली आणखी एक. त्याखाली विटांचे तुकडे.

मागून बाळाराम तात्या आले. सोसायट्या उभ्या राहायच्या आधी या बाजूला त्यांच्या घरची भातशेती होती. आता ते रोज सकाळी येऊन सगळ्यांच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतात. त्यांनी लादी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"हितं आमी भात लावायचो गो," ते म्हणाले. "आता लाद्या पिकतात. पन पीक चांगलं हाय, मोडलेली नाय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्याबरोबर राडारोडा उपसला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्यातलं शेणखत दोन गोणी भरून माझ्या प्लॉटवर पडलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, "माझं नाय, म्हशीचं हाय. तिला थँक्यू बोल."

*

मग मी मेथी पेरली. शेजारचा आठ नंबरचा प्लॉट कुसुममावशींचा. मावशी साताऱ्याकडच्या, त्यांचे मिस्टर भाजी मार्केटात माथाडी. मावशींनी सांगितलं तशी मी पेरली, हलकं पाणी दिलं आणि घरी जाऊन काळजी करत बसले. उगवली नाही तर? बी उलटं पडलं असेल तर?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना वाटलं, एकच दाणा उकरून बघावा. तिसऱ्या दिवशी दोन बघितले. चौथ्या दिवशी सगळी ओळ उकरून, प्रत्येक दाण्याची चौकशी करून परत मातीखाली ठेवत होते, तेव्हा डोक्यावर सावली पडली.

"काय गं, काय करतीस?"

"मावशी, कोंब आलाय का बघते."

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "पोटुशी बाई असती तर तिलाबी रोज उघडून बघितली असतीस व्हय?"

त्यांनी स्वतः नव्याने मेथी पेरली आणि मला दहा दिवस प्लॉटबंदी केली. दहा दिवस मी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून बघून ऑफिसला जात होते. अकराव्या दिवशी आत आले तर हिरवी ओळ. मला इतका आनंद झाला की मी तिला सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी घातलं.

आठवड्यात ती कुजली. "उपाशी न्हाय मेली," मावशी म्हणाल्या. "खाऊन मेली."

त्यातून अकरा काड्या वाचल्या. त्या मी उपटल्या, जुडी बांधली, दोरा दोनदा गुंडाळावा लागला. मावशींचे मिस्टर तेव्हा गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते. तीस वर्षं पोत्यांनी भाजी पाठीवर वाहिलेला माणूस. त्यांनी माझी जुडी बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "टेम्पो लावू का, मॅडम?"

त्या रात्रीच्या वरणात अकरा काड्या मेथी होती. मी मोजून खाल्ल्या.

*

मेथी गेली, मुळ्याला फक्त पाला आला, कोथिंबीर कबुतरांनी खाल्ली. उरली वांग्याची तीन रोपं. तीही मावशींनी दिलेली, जांभळ्या वांग्याची. हे मुद्दाम सांगते, कारण अख्ख्या जागेत हिरवी काटेरी वांगी फक्त पेडणेकर काकांकडे. ती ते कुणाला तोडू देत नाहीत, वासही लांबूनच घ्यायचा.

माझ्या तीन रोपांतलं एक किडीने नेलं, एक आपसूक वाळलं. तिसरं वाऱ्याने कलायला लागलं तेव्हा काका स्वतः काठी घेऊन आले आणि खिशातून फायलीचा टॅग काढला. तोच तो, हिरवी दोरी आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. त्यांच्या प्लॉटवर टोमॅटो, घेवडा, दोडका, सगळे असे टॅग लावून फायलींसारखे उभे असतात.

"हा सोसायटीचा नाही, माझा आहे," काका म्हणाले. "झाड काढलंस की टॅग परत. सगळ्या नोकरीत एक टॅग हरवलेला नाही माझ्याकडून."

मी घाबरून त्या टॅगचा फोटो काढून ठेवला. झाडाचा काढायचा राहिला.

*

विमानतळ जवळ असल्याने आमच्यावरून विमानं जातात. ज्यांना सवय झालीय ते मानही वर करत नाहीत. मी खाली बसते. ठरवून नाही. आवाज आला की गुडघे आपोआप वाकतात. शेजारी बघतायत म्हटल्यावर लाजेने दोन गवताच्या काड्या उपटते आणि उठते.

एके दिवशी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : 'प्लॉट नऊकडून शिकावे. सकाळभरात दहा वेळा वाकून तण काढते.'

खरं फक्त मावशींना माहीत होतं. त्या दर विमानाला हाक मारायच्या, "बस गं, आलं तुझं."

डिसेंबरात वांग्याला जांभळं फूल आलं, मग एक वांगं धरलं. एकच. मी ते रोज अंगठ्याने मापत होते. भोगीला दोन दिवस उरले तेव्हा ते लिंबाएवढं होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्याकडे बघून न हसता निघून गेले होते. मी झाडाकडे पाठ करून मावशींना हेच कौतुक सांगत होते. तेवढ्यात एक विमान नेहमीपेक्षा खालून गेलं.

मी बसले. वांग्यावर.

काठीला टॅगने बांधलेली एक फांदी तेवढी उभी राहिली. बाकी झाड आणि वांगं माझ्या सलवारीला लागलं.  मावशींनी पदराने माझी पाठ झटकली, आणि नंतर माझं तोंडही पुसलं.

*

भोगीच्या आदल्या संध्याकाळी मी धीर गोळा करून काकांना भेटायला खाली उतरले. काय बोलायचं ते लिफ्टमध्ये तीनदा म्हणून घेतलं. अंधारून आलं होतं. काका त्यांच्या प्लॉटवर उभे होते, पाठमोरे, तोच नेहमीचा बुशशर्ट, डिसेंबरपासून डोक्यावर असते तीच माकडटोपी.

"काका, मला होळीपर्यंत मुदत द्या," मी सुरुवात केली. ते वळले नाहीत. रागावले असतील असं वाटून मी घाईघाईने सगळंच बोलून टाकलं. "मला माहितीय नियम सगळ्यांना सारखा. पण तीन वर्षांत माझं हे तिसरं घर आहे. अकरा महिने झाले की ॲग्रीमेंट संपतं आणि मी सामान बांधते. भिंतीला खिळासुद्धा विचारून मारते. ऑफिसात मेसेज वाजला की माझे हात थरथरतात, काका. इथे मातीत घातले की थांबतात. का ते मला माहीत नाही. मला भाजी येत नाही, हे कळलंय सगळ्यांना. पण तुम्ही हा प्लॉट काढून घेतलात तर मी सकाळी कुठे जाऊ?"

 मी अजून एक पाऊल पुढे गेले. त्यांच्या खांद्यावर कावळ्याने शिटलेलं होतं. टोपीच्या आत मडकं होतं.

तात्यांनी दुपारी काकांच्याच कपड्यांत बांधलेलं बुजगावणं. त्याचे हातसुद्धा आडवे नव्हते. "पेडणेकर कदी हात पसरत नाय," असं तात्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण मला नंतर कळलं.

मी सुटकेचा श्वास सोडत मागे वळले आणि किंचाळले. दोन हातांवर खरे काका उभे होते, हातात पाण्याची झारी, तोच चेहरा. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"त्याला अधिकार नाही," काका म्हणाले. "अर्ज माझ्याकडे करायचा असतो."

आणि झारी ठेवून घरी गेले.

*

भोगीच्या सकाळी मी रिकाम्या हातांनी उतरले. ठरवलं होतं, वहीत सही करायची, खुरपं मावशींना द्यायचं आणि रडायचं ते वर येऊन.

गेटजवळ टोप चढला होता. मावशी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होत्या. काका खुर्चीत वही घेऊन एकेका प्लॉटला हाक मारत होते, माणसं टोपाशी येऊन आपापला जिन्नस ठेवत होती. गाजरं, हरभरा, घेवडा.

"प्लॉट आठ?"

"पावटा," मावशी तव्यावरून म्हणाल्या. "वंजळभर लिवा."

"प्लॉट नऊ?"

"काका, माझ्याकडे काही..."

"आज प्लॉटवर जाऊन बघितलंस?"

"नाही, पण..."

"न बघता उत्तर द्यायचं नसतं. जाऊन ये."

मी गेले. माझ्यामागे तात्या आले, मावशी पिठाच्या हातांनी आल्या, तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आले, आणि सगळ्यांत शेवटी वही घेऊन काका.

मोडलेल्या झाडाची ती एक फांदी काठीला टेकून उभी होती. तिला एक वांगं लटकत होतं. मुठीएवढं, टवटवीत, हिरवं, काटेरी. देठाशी हिरव्या दोरीची गाठ होती आणि पत्र्याची टोपी उन्हात चमकत होती.

 तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "अहो पेडणेकर, हिचं वांगं जांभळं होतं."

"नियमात रंग लिहिलेला नाही," काका म्हणाले.

"खारी हवा हाय," तात्यांनी मान हलवली. "पालटतो रंग."

"काका, हे..." मी तोंड उघडलं.

"बघत काय उभी ऱ्हायलीस?" मावशींनी मला कोपराने ढकललं. "तिकडं त्याल तापलंय."

मी गाठ सोडली. वांगं हातात आलं. काकांनी पेनचं टोपण काढलं आणि सावकाश, प्रत्येक अक्षर कोरत लिहिलं : प्लॉट नऊ. वांगं, एक.

मग वही मिटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तो टॅग आठवणीने परत कर."