उतरलेला तबला

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मी आजही ओशाळतो.

सोलापुरातल्या त्या मैफलीआधी उकाड्याने हैराण होऊन मी खोलीत कूलर लावला होता. तबला त्याच्यासमोरच होता. गाताना तो सुरातून उतरू लागला. साथीचे दस्तगीरचाचा नुकतेच माझ्या प्रतिस्पर्ध्याकडे वाजवून आले होते. त्यांच्या हातोडीच्या प्रत्येक ठोक्यात मला कट दिसला.

"त्यांनी शिकवून पाठवलंय का?" मी भर मैफलीत विचारले.

"पुडीच्या कातड्याला गारवा लागलाय की, बुवा. ठोकतोय मी."

खोलीत परतल्यावर कूलर दिसला आणि सारे उमगले. तरीही कित्येक वर्षे मी गप्प राहिलो.

परवा त्यांच्या घरी, शिष्यांदेखत म्हणालो, "चाचा, चूक माझी होती. तुमच्यावर मी खोटा आळ घेतला. मला माफ करा."