बहारोमचं सरबत

मलेशियातल्या पेकानच्या विद्यापीठात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बहारोमने एकतीस वर्षांत एकही रिकामी बाटली फेकली नव्हती. आणि ईदच्या मेजवानीला त्याच्यासारखं गुलाबाचं सरबत दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे डीनसाहेबही मान्य करत. हे दोन्ही गुण एकाच फ्रीजमध्ये भेटले आणि घात झाला.

नादिरा तिथे पीएचडी करत होती. बहारोमचा तिच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव. चार वर्षं ती पाण्यात सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळून ते पाणी काचेच्या नळ्यांतून उन्हात फिरवत होती आणि किती तापतं ते मोजत होती. सोन्याचं पाणी पिवळं असणार, अशी बहारोमची खात्री. निघालं लालचुटुक, हुबेहूब त्याच्या सरबतासारखं. तिच्या बाटलीला तडा गेला तेव्हा त्याने मोठ्या मनाने सरबताची एक रिकामी बाटली विसळून दिली. वर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठीही डकवली. फ्रीजच्या ओलाव्याने ती केव्हा गळून पडली, कुणाला कळलं नाही.

मेजवानी शनिवारी होती. आठवडाभराच्या ढगांनंतर नेमकं त्या सकाळी लख्ख ऊन पडलं. नादिराला अशा उन्हातलं एवढंच शेवटचं मोजमाप हवं होतं. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. बहारोमने फ्रीज उघडला, तर तसल्याच दोन बाटल्या. एक तिची, दुसरी त्याने मानाच्या टेबलासाठी राखलेली. हुंगून पाहिल्या, तर दोन्हींना गुलाबाचा वास. एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून त्याने एक उचलली आणि गच्चीवरच्या नळ्यांत ओतली.

दुपारपर्यंत पारा असा चढला की नादिरा नाचायचीच बाकी होती. “पाकचिक, तुमच्या हाताला यश आहे,” ती म्हणाली. पाकचिक म्हणजे काका. काकाची छाती फुगली. खाली जाऊन त्याने उरलेल्या बाटलीतून मानाच्या टेबलावरचे सहा ग्लास भरले आणि तिला जेवायला बोलवायला तो पुन्हा वर आला. ती आधीच खाली गेली होती. गच्चीवर मुंग्यांची रांग नळीच्या सांध्याकडे निघाली होती. त्याने सांध्यावरचा थेंब बोटावर घेऊन चाटला. गोड लागला.

सांगावं तर पोरीचा आनंद जाणार, न सांगावं तर साहेबांच्या पोटात सोनं. कुरकुरणारे गुडघे विसरून तो जिना उतरला. खाली इमामांची दुआ चालू होती. त्यांच्या लांबण लावण्याला बहारोमने दरवर्षी मनातल्या मनात नावं ठेवली होती. आज त्याला ती संपूच नये असं वाटलं. पण संपली, आणि डीनसाहेबांनी ग्लास उचलला.

“साहेब, ग्लास खाली ठेवा,” बहारोम धापा टाकत म्हणाला. “त्यात आमच्या नादिराचा प्रबंध आहे.”

नादिरा पांढरीफटक पडली. तिने सहाही ग्लास बाटलीत परत ओतले. बहारोमला इतकी लाज वाटली की त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने नळ्या गरम पाण्याने तीनदा धुतल्या.

रविवारी तसंच ऊन पडलं. शनिवारच्याच वेळेला या खेपेला खरं सोनं नळ्यांतून फिरलं. नादिरा प्रामाणिक, तिने सरबताचे आकडेही प्रबंधात शेजारी मांडले. संध्याकाळी कागद घेऊन ती हसतच आली. “पाकचिक, सोनं तुमच्या सरबताच्या चार अंश पुढे गेलं. सुटलो आपण.”

बहारोमने कागद दोनदा वाचला. त्याचा चेहरा उतरला.

“घाईत साखर कमी पडली असणार,” तो म्हणाला.