न्यू गिनीहून परतलेल्या आजोबांकडे जेवायला

माझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या, बॉसनी, मोरितासाननी, गावाकडच्या घरी जेवायला बोलावलं आणि मी नको म्हणायची कारणं शोधायला लागले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अविनाशचे वडील, अण्णा, पुण्याहून आमच्याकडे नागोयाला आले होते. अण्णांचे मोठे भाऊ, दादा, ब्रिटिशांच्या फौजेत कारकून. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर कैद झाले, जपान्यांनी मजुरीला न्यू गिनीच्या जंगलात नेलं, असं सुटून आलेले सांगत. घरी आली ती फक्त 'बेपत्ता' अशी तार. आणि मोरितासानचे वडील त्याच जंगलातून जिवंत परतलेले शिपाई!

"दादाचं काय झालं, मी विचारणार," अण्णांनी जाहीर केलं.

"अण्णा, माझी नोकरी आहे हो तिथे!" अविनाश कळवळला.

तुम्ही कधी गेलात तर नागोयाहून डोंगरात जाणाऱ्या ट्रेनची नदीकडची खिडकी मागून घ्या. तिकीट महाग, पण वसूल. शाकाहारी असाल तर आधी फोन करा, नाहीतर सूपमध्ये माशाचा अर्क हमखास. मला मात्र नदी दिसलीच नाही. मी सगळा वेळ अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मोरितासानचे वडील, म्हणजे आजोबा, वाळलेल्या खारकेसारखे, पण ताठ. गरम भात, टोफू, लोणची वाढली गेली. अण्णांनी घरच्या सवयीने वाटीभोवती पाणी फिरवलं आणि भाताची चार शितं उचलून चक्क मोरितासानच्या चकचकीत टेबलावर ठेवली! चित्राहुती. मेले, म्हटलं. इथे तर वाटीत एक शीत उरलेलं चालत नाही.

आजोबांनी हात पुढे केला, एकेक शीत उचललं आणि तोंडात टाकलं. आणि रडायलाच लागले.

ते बोलत होते, अविनाश अडखळत मराठीत सांगत होता. "तिकडे जहाजं यायची बंद झाली. गोळीपेक्षा भुकेनेच माणसं जास्त मेली. एक हिंदी कैदी होता, असंच करायचा. पानावर कंद असो की गवत, थोडं बाजूला ठेवायचा. मी पहारेकरी. ते उचलून खायचो. त्याने एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून जास्त ठेवायला लागला."

"नाव?" अण्णा टेबलावर पुढे झुकले.

"विचारलंच नाही. तापाने गेला. नदीकाठी पुरला."

मला वाटलं, आता अण्णा भडकणार! पण ते एवढंच म्हणाले, "त्यांना जेवू दे रे. भात निवतोय."

अविनाशच्या नोकरीला काही झालं नाही, माझी झोप मात्र कितीतरी दिवस उडाली. जेवू घालणाऱ्यालाच पहाऱ्यात ठेवायचं, हे कसलं युद्ध!

त्या दिवशी घरी आल्यावर अण्णा स्वयंपाकघरात आले. "मेधा, उद्या खीर कर. दादाचं पान वाढायचंय."

"पण अण्णा, ते दादाच होते कशावरून?"

"नसेल दादा," अण्णा म्हणाले. "जो होता त्याचं वाढ. त्याच्या घरी अजून वाट बघत असतील."