नंबरवार आलेले नारळ

सांगलीच्या कचेरीत मी नवाच ओव्हरसियर होतो आणि आमच्या साहेबांना कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. ते यंत्र मुंबईला होतं, आम्ही कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण ओढ्याचा वेग कळवला, की साखर कारखान्याचं मळीचं पाणी खालच्या गावात किती वाजता पोचेल ते यंत्र सांगतं, असं साहेब म्हणत. कारखाना सोमवारी सकाळी सातला मळी सोडणार होता. नेमकं त्याच दिवशी गावात एका पेन्शनर हवालदाराच्या मुलीचं लग्न. पंगतीचं पाणी ओढ्याचंच. कधीपर्यंत भरायचं, ते मी सांगायचं होतं.

वेग मोजण्यासाठी मी आदल्या आठवड्यात दहा न सोललेल्या नारळांवर नंबर टाकले. शिपायाने ते सकाळी सातला कारखान्यापाशी एकदम ओतले आणि मी गावच्या फरशीपुलावर घड्याळ घेऊन बसलो. दुपारी एकला एक नंबरचा नारळ आला. मग दोन, मग तीन. दर पाच मिनिटांनी एक, बिनचूक! साहेब म्हणाले, असा गुणी ओढा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आकडे कार्डांवर भोकं पाडून मुंबईला गेले आणि उत्तर आलं, दुपारी एक. मी छाती फुगवून गावात दवंडी दिली.

सोमवारी दहालाच ओढा काळा झाला. हंडे निम्मेही भरले नव्हते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. मुकाट्याने कावड खांद्यावर घेतली आणि लांबच्या विहिरीवरून पाणी वाहू लागलो. शेजारी दुसरी कावड घेऊन नवरीचे वडील.

"सायेब, तुमच्या शब्दावर बसलो आमी," ते धापा टाकत म्हणाले. "आन् तुमच्या नारळांची मी किती काळजी घेतली! सात नंबर म्होरं, तीन मागं, कसंबी वाहत आलं हुतं. सरकारी माल असा बेशिस्त जाऊ द्यायचा व्हय? पुलाच्या वरल्या बांधावर समदे येईस्तवर आडवले, नंबरवार लावले, घड्याळ लावून एकेक सोडला."

मी कावड खाली ठेवली.

"हवालदार, मग आज मळी का नाही अडवलीत?"

"तिच्यावर तुमी नंबर कुठं घातला हुता?"